धोका आणि जोखीम: बाटलीवरचा त्रिकोण नेमकं काय सांगतो?

चोपड्याकडच्या एका कृषी केंद्रात कपाशीवर फवारा मारायला निघालेल्या मजुराने विचारलं, "भाऊ, यानं मले काही होईन का?" दुकानदाराने कीटकनाशकाची बाटली फिरवून त्रिकोण दाखवला. "निळा आहे, लाल नाही. काही होत नाही."

विचारली होती जोखीम, सांगितला गेला धोका.

धोका हा औषधाचा अंगचा गुण. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग तेवढंच सांगतात की ते पोटात गेलं किंवा कातडीतून भिनलं तर किती थोड्या मात्रेत जिवावर बेतेल. लाल म्हणजे प्रयोगातले निम्मे प्राणी मारायला वजनाच्या किलोमागे 50 मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा पोटात गेली तरी पुरे; निळ्यात 501 ते 5000. वर्षानुवर्षं हाताळून काय होतं, यावर त्रिकोण गप्प.

जोखीम त्या माणसाची आणि त्या दिवसाची. पंपाच्या झाकणाचा वायसर गेलेला. पाणी पाठीवरून कमरेपर्यंत ओघळतंय आणि तोच ओला सदरा संध्याकाळपर्यंत अंगावर. कपाशी छातीला लागलेली, म्हणून नोझल तोंडासमोर, वारा उलटा. असे दहा पंप मारणाऱ्याची जोखीम कपाटात कुलूपबंद असलेल्या लाल बाटलीपेक्षा कितीतरी मोठी.

ही गल्लत मोठ्या पातळीवरही होते. ग्लायफोसेट हे तणनाशक माणसात 'बहुधा कर्करोगकारक' असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च 2015 मध्ये जाहीर केलं. मे 2016 मध्ये त्याच संघटनेच्या आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ गटाने म्हटलं, आहारातून कर्करोगाची जोखीम संभवत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी विकलं गेलं. (पैशाचा खेळ कधीच नसतो, असं मीही म्हणणार नाही.) पण पहिलीने धोका तोलला, रात्रपाळीचं कामही तिने त्याच 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय. दुसऱ्याने ताटातल्या अंशाची जोखीम मोजली. पाठीवर पंप घेणारा त्या ताटात नव्हताच.

त्या दिवशी रांगेतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मजुराला विचारलं, "तुना पंप गयस का?" म्हणजे, गळतो का? मजुराने होकारार्थी मान हलवली. बाटली काउंटरवरच ठेवून तो दुकानदाराला म्हणाला, "वायसर शे का?"