बिल्डची वाट पाहण्यात गेलेला वेळ: हिशोबाची पार्श्वभूमी

बिल्ड म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणणं; त्यातलं भाषांतराचं (कम्पाइल करण्याचं) काम कम्पायलर करतो. प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या पंच-कार्डांवर लिहायच्या काळात कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरकडे द्यायचा आणि छापील निकाल काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी घ्यायचा, अशी रीत होती. महागडा होता तो संगणक, म्हणून हिशोब त्याच्याच वेळेचा ठेवला जाई. माणूस किती थांबला, हे कुठेच नोंदलं जात नसे.

1976 साली बेल लॅब्स या अमेरिकी संशोधन संस्थेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे बिल्ड करणारं साधन लिहिलं, त्यामागे वाया गेलेली एक सकाळ होती. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन मुळात बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधत बसले होते. चूक आधीच दुरुस्त झाली होती, फक्त ती फाइल पुन्हा कम्पाइल करायची राहिली होती. मेक फाइलींच्या बदलाच्या वेळा ताडून पाहतं आणि जुनं झालं असेल तेवढंच नव्याने बांधतं. पुढे आलेली बहुतेक बिल्ड-साधनं याच कल्पनेवर उभी आहेत.

1983 च्या टर्बो पास्कल या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाने वेगळीच सवय लावली. एडिटर आणि कम्पायलर दोन्ही मेमरीतच असल्याने छोट्या प्रोग्रॅमचा निकाल जवळपास लगेच मिळे. सी++ या भाषेने मात्र ही चैन हिरावून घेतली. प्रत्येक फाइल आपल्यासोबत हेडर फाइलींचं, म्हणजे इतर फाइलींमधल्या गोष्टींची ओळख करून देणाऱ्या फाइलींचं, लटांबर आणते, आणि तोच मजकूर कम्पायलर शेकडो वेळा नव्याने वाचतो. 2007 मध्ये गूगलमध्ये ‘गो’ भाषेचा विचार सुरू झाला, तो सुमारे 45 मिनिटांच्या अशाच एका बिल्डची वाट पाहताना, असं गोच्या निर्मात्यांपैकी एक रॉब पाइक यांनी सांगितलं आहे. गोमध्ये न वापरलेलं पॅकेज (दुसरीकडचा तयार कोड) आयात केलं तर कम्पायलर सरळ चूक दाखवतो. नवख्यांना तो जाच वाटतो, पण त्याचं मूळ लांबलेल्या बिल्डच्या या वैतागात आहे.

मोजमापाची साधनं मात्र बराच काळ यंत्राकडेच पाहत राहिली. युनिक्सची ‘टाइम’ आज्ञा तीन आकडे देते: रिअल (घड्याळावर गेलेला वेळ), यूजर (प्रोसेसरने प्रोग्रॅमसाठी दिलेला वेळ) आणि सिस (प्रोसेसरने त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमच्या कामात दिलेला वेळ). प्रोसेसरच्या आठ कोअरवर (एकाच वेळी काम करणाऱ्या भागांवर) समांतर बिल्ड लावली, तर यूजरचा आकडा रिअलच्या कितीतरी पट भरतो. वाट पाहणाऱ्याच्या कामाचा फक्त रिअल. 2019 मध्ये क्लँग या सी++ कम्पायलरला ‘टाइम-ट्रेस’ ही सोय मिळाली आणि कुठल्या हेडरने, कुठल्या टेम्प्लेटने (कोडच्या साच्याने) किती वेळ खाल्ला, हे आलेखावर दिसू लागलं.

तरीही हिशोब अपुराच आहे. सीआय सर्व्हर (टीमचा कोड आपोआप बिल्ड करून तपासणारा संगणक) प्रत्येक बिल्डची नोंद ठेवतो. स्वतःच्या मशीनवर दिवसभर चालणाऱ्या छोट्या बिल्डची नोंद सहसा कुणी ठेवत नाही. माझ्या मते खरी गळती तिथे आहे. शिवाय बिल्ड दोन मिनिटांत संपते, पण तोवर माणूस मेल उघडून बसलेला असतो आणि दहा मिनिटांनी परततो. बिल्डच्या आज्ञेभोवती छोटी स्क्रिप्ट गुंडाळून सुरुवात, शेवट आणि बिल्ड संपूर्ण होती की अंशतः, एवढं लिहून ठेवता येतं. परतण्याची वेळ त्या नोंदीतही येत नाही.