७,२०,७२० ला मूळ अवयव किती आणि विभाजक किती?

प्रश्नात नुसतं ‘अवयव किती’ असं असेल, तर ७,२०,७२० साठी ६, १० आणि २४० अशी तीन उत्तरं येतात. वेगवेगळे मूळ अवयव ६, पुन्हापुन्हा येणारे धरून १० आणि विभाजक २४०. यातलं नक्की काय हवंय, ते आधी ठरवावं.

मूळ अवयव लहानापासून काढायचे. २ ने चारदा भाग जातो आणि ४५,०४५ उरतात. ३ ने दोनदा भागल्यावर ५,००५, मग ५ ने १,००१. इथेच बरेच जण पेन खाली ठेवतात, कारण १,००१ मूळ संख्या वाटते. ७ ने भागून बघा, १४३ येतात. हीसुद्धा तितकीच फसवी. तिचं वर्गमूळ १२ च्या जरा अलीकडे, म्हणून ११ पर्यंत तपासायलाच हवं, आणि नेमका ११ नेच भाग जातो. उरले १३. म्हणजे २×२×२×२×३×३×५×७×११×१३.

विभाजक मोजताना यातले किती घ्यायचे ते निवडायचं असतं. २ एकही न घेण्यापासून चारही घेण्यापर्यंत ५ पर्याय, ३ साठी ३, बाकी चौघांसाठी प्रत्येकी २. गुणाकार ५×३×२×२×२×२ = २४०. ‘एकही नाही’ हा पर्याय विसरला की ४×२×१×१×१×१ = ८ येतं. ते उत्तर अगदीच निरर्थक नाही: सहाही मूळ संख्या ज्यांत आहेत असे विभाजक तेवढेच. काहीच न निवडल्यावर १ मिळतो; तो विभाजक आहे, मूळ अवयव नाही.

पडताळा सोपा आहे. विभाजकांच्या जोड्या लागतात, त्यामुळे त्यांची संख्या सम यायला हवी. अपवाद फक्त पूर्ण वर्गांचा: १०,००,००० हा १,००० चा वर्ग, म्हणून त्याला ४९.

एका मोजणीवरून दुसरीचा अंदाज मात्र बांधू नये. ५,२४,२८८ म्हणजे १९ वेळा २, तरी विभाजक २०च. ३०,०३० ला जेमतेम सहा मूळ अवयव, सगळे वेगळे, आणि विभाजक ६४. संख्येच्या आकाराचाही भरवसा नाही: ९,९९,९८३ मूळ संख्या आहे, तिला दोनच विभाजक. आपल्या आधीच्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांचा रामानुजन यांनी १९१५ साली सखोल अभ्यास मांडला. ७,२०,७२० त्याच जातीची. दहा लाखांच्या आत २४० च्या वर कोणी जात नाही, पण २४० वर ती एकटीही नाही. ८,३१,६०० मध्ये १३ नाही, वेगवेगळे मूळ अवयव पाचच. तरी ५×४×३×२×२ करून विभाजक तेवढेच भरतात.