दिल्लीचं हल्दीराम नागपूरची फ्रँचायझी नाही

‘हल्दीराम मूळचं नागपूरचं, दिल्ली-कोलकात्यात त्यांच्या शाखा किंवा फ्रँचायझी आहेत’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चुकीचं आहे. मूळ दुकान बिकानेरचं, भुजियाचं. पुढे अग्रवाल कुटुंबाच्या शाखांनी कोलकाता, नागपूर आणि दिल्लीत आपापला धंदा उभारला. नाव एकच राहिलं, मालकी वेगळी झाली. कोलकात्याचा माल आज ‘प्रभुजी’ नावानेही विकला जातो.

गोंधळात भर पडली ती अलीकडच्या विलीनीकरणाने. दिल्ली आणि नागपूर गटांनी पाकीटबंद फराळाचा व्यवसाय एका कंपनीत आणला, एप्रिल 2025पासून. रेस्टॉरंटं मात्र त्यात नाहीत, आणि कोलकाताही नाही. म्हणजे शेवेचं पाकीट आणि शेजारच्या टेबलावरचे छोले-भटुरे यांचे मालक वेगळे असू शकतात!

मग आपण कोणाकडे जेवलो? बिलावरचा 15 अंकाक्षरी जीएसटी क्रमांक पाहा. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र 27, दिल्ली 07. पुढची 10 अंकाक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. दोन शहरांतल्या बिलांवर हा मधला भाग तंतोतंत जुळला तर कंपनी एकच. पॅनचं चौथं अक्षर सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी, पी असेल तर एकटा मालक. फ्रँचायझी बहुधा इथेच ओळखू येते. फक्त पहिले दोन अंक वेगळे दिसले म्हणून मालक वेगळा समजू नका, लोक हमखास तिथेच चुकतात. तक्रार करायची तर बिलावर छापलेल्या नावाकडेच करा, पाटीवरच्या नव्हे.