शिवणयंत्राची टीप आणि भाचीचा प्रश्न

"मामा, वरचा दोरा रिळातून तुटत नाही, खालचा बॉबिनमधून तुटत नाही. मग दोघं एकमेकांत अडकतात कसे?"

सातवीतल्या भाचीने विचारलं आणि मी ऐटीत सुरुवात केली. "सुई खाली जाते, खालचा दोरा उचलते आणि..." तिथेच गाडी अडली. आईचं पायमशीन लहानपणापासून पाहतोय, सरळ टीप मलाही घालता येते. पण त्या ‘आणि’च्या पुढचं आपल्याला येत नाही, याचा तोवर पत्ताच नव्हता.

येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ मध्ये हेच तपासलं. झिप, फ्लश, कुलूप, शिवणयंत्र या वस्तू कशा चालतात ते आपल्याला किती कळतं, याचे गुण लोकांनी आधी स्वतःलाच द्यायचे. मग ती वस्तू पायरीपायरीने समजावून लिहायची आणि पुन्हा गुण द्यायचे. दुसऱ्या खेपेला गुण घसरले. रोज हाताळलेली वस्तू ओळखीची वाटते, आणि ओळखीलाच आपण समज मानून बसतो.

म्हणजे शिकवताना आधी आपलं अज्ञान कळतं. पण शिकवल्याने शिकवणाऱ्याच्या डोक्यात काही पक्कं होतं का? ‘दुसऱ्याला शिकवलं की ९० टक्के लक्षात राहतं’ असा त्रिकोणी तक्ता शिक्षक-प्रशिक्षणात हमखास दिसतो. त्या गोल गोल आकड्यांमागे कुठलाही धड प्रयोग नाही. तो तक्ता खुशाल विसरावा.

खरा प्रयोग सिंगापूरचा आहे, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. विद्यार्थ्यांनी डॉप्लर परिणामावरचा मजकूर अभ्यासला. (रुग्णवाहिका जवळून पुढे गेली की भोंग्याचा सूर उतरतो, तोच हा परिणाम.) मग काहींनी कागद बाजूला ठेवून तो शिकवला, काहींनी तयार टिपण हाती धरून शिकवला. तिसऱ्या गटाने कुणालाच शिकवलं नाही, फक्त आठवेल तेवढं आठवून काढलं. चौथ्या गटाला गणितं दिली. आठवड्याने परीक्षा घेतली, तेव्हा टिपण वाचून शिकवणारे गणितं सोडवणाऱ्यांच्या पुढे गेलेच नव्हते. बिनकागदाने शिकवणारे सरस ठरले, आणि नुसते आठवणारेही त्यांच्या बरोबरीने.

मला हा निकाल फार आवडतो, कारण शिकवण्याभोवतीचं धुकं तो बाजूला करतो. पक्कं होतं ते स्मरणातून ओढून काढण्याच्या कष्टाने. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर ४२ टक्के आठवतो. एकदा वाचून मग तो आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पाच मिनिटांनी विचारलं तर मात्र वाचणारेच पुढे असतात. परीक्षेच्या दारात पुस्तक चाळणाऱ्यांची समजूत इथेच पक्की होते.

मुलांनीच मुलांना शिकवण्याची रीत तशी जुनी. १७८९ पासून मद्रासच्या एका अनाथालयाची शाळा पाहणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी मलबारी शाळेतली मुलं वाळूत अक्षरं गिरवताना पाहिली. ती रीत अनाथालयातल्या शिक्षकांना पटेना, तेव्हा बेल यांनी आठ वर्षांच्या एका मुलावरच अक्षरांचा वर्ग सोपवला. ही ‘मद्रास पद्धत’ पुढे इंग्लंडभर पसरली, मुख्यतः स्वस्त म्हणून. पण तिथले मॉनिटर, म्हणजे शिकवणारी मुलं, बहुतेक वेळा ठरलेला धडा घोकून घेत. टिपण हाती धरून शिकवणाऱ्यांतलाच तो प्रकार म्हणायचा.

आणि एक गोष्ट आठवण्यातूनही मिळत नाही: समोरच्याचा अवघड प्रश्न. तो आला नाही तर शिकवणारा माहीत तेवढंच परत परत सांगत राहतो.

माझंच पाहा ना. त्या रात्री मशीनची पट्टी सरकवली आणि हाताने चाक हळूहळू फिरवलं. सुई तळाशी जाऊन किंचित वर येते, तेव्हा तिच्या पाठीमागे दोऱ्याचा छोटा फास सुटतो. बॉबिनभोवती फिरणाऱ्या शटलचं टोक तो पकडतं, रुंदावतं आणि अख्ख्या बॉबिनवरून फिरवून आणतं. खालचा दोरा आपसूक फासातून जातो. दोऱ्याचं टोक ओवावं लागतच नाही, अख्खी बॉबिनच फासातून ओवली जाते!

सकाळी भाचीला सांगितलं. तिने लगेच स्वयंपाकघरात जाऊन आजीला शिकवायला घेतलं. आजीने पोळी उलटत विचारलं, "फास सगळ्या बॉबिनला वळसा घालतो म्हणतेस, मग बॉबिन मशीनला जोडलेली कुठे असते?"

भाची पुन्हा मशीनकडे पळाली.