पन्नाशीतला गेरेविच तरण्या पोरांना कसा हरवायचा?

१९६० साली हंगेरीच्या निवड समितीने फेन्सिंग म्हणजे तलवारबाजीचा खेळाडू अलादार गेरेविचला सांगितलं की आता वय झालं, टीममध्ये घेता येणार नाही. तेव्हा तो ५० वर्षांचा होता. असं सांगतात की त्याने टीममधल्या एकेकाला लढायला बोलावलं आणि सगळ्यांना हरवलं, मग काय, रोमच्या ऑलिम्पिकला न्यावंच लागलं आणि सेबर या तलवारबाजीच्या प्रकारातलं टीम गोल्ड पुन्हा हंगेरीकडेच आलं. १९३२ पासून सलग सहा ऑलिम्पिकमध्ये गोल्ड, एकूण ७, आणि मधली १९४० आणि १९४४ ची ऑलिम्पिक तर युद्धामुळे झालीच नाहीत!

पण हे शक्य कसं झालं? डोळ्यांना काही दिसल्यावर हात हलायला साधारण ०.२ सेकंद लागतात, आणि विशी ओलांडली की हा रिअॅक्शन टाइम हळूहळू वाढत जातो. वर पर्याय जितके जास्त तितका निर्णयाला उशीर, हे हिक नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९५२ मध्ये मांडलं. सेबरमध्ये वार डोक्यावर, गालावर, छातीवर, बरगडीवर, हातावर कुठेही येऊ शकतो, म्हणजे पातं हललेलं बघून मग ठरवायचं म्हटलं तर बहुतेक वेळा उशीर झालेलाच असतो.

म्हणून मुरलेला खेळाडू पात्याकडे बघतच बसत नाही. समोरच्याचा खांदा, कोपर, पुढचं पाऊल, दोघांमधलं अंतर यावरून त्याला आधीच अंदाज येतो, जसा चांगला बॅट्समन बॉलरच्या मनगटावरून बॉल ओळखतो. पाच पर्यायांचे दोनच उरले की मेंदूचं काम हलकं होतं आणि वयामुळे गेलेला वेळ इथे भरून निघतो. शिवाय मुद्दाम एक बाजू उघडी ठेवून समोरच्याला तिथेच वार करायला लावायचं, मग तर अंदाजही बांधायला नको.

खेळणं थांबवल्यावर गेरेविच कोच झाला, आणि मला वाटतं त्याच्याकडे द्यायला हीच खरी गोष्ट होती. फेन्सिंगचा लेसन म्हणजे एकास एक, कोच स्वतः जाड जॅकेट घालून समोर उभा राहतो, कधी खरी संधी देतो कधी खोटी, आणि कुठल्या खुणेवर विश्वास ठेवायचा ते पोराच्या अंगात मुरेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतो.

त्याची बायको एर्ना बोगेन १९३२ ची ब्राँझ विजेती, सासरा आल्बेर्ट बोगेन १९१२ चा सिल्व्हर विजेता, मुलगा पाल १९७२ आणि १९८० ला टीम ब्राँझ. लोक लगेच म्हणतात रक्तातच आहे. असेलही थोडं, पण अंतर ओळखायला कोणी जन्मतः शिकून येत नाही, त्याला समोर उभं राहणारं माणूस लागतं आणि या घरात ते भरपूर होते.