डॅस : थीम पार्कच्या रांगेतील दिव्यांगांसाठीची सोय

अपंगत्वामुळे राइडच्या नेहमीच्या रांगेत फार वेळ थांबू न शकणाऱ्यांना रांगेबाहेर थांबून ठरल्या वेळी राइडवर येऊ देणारी, डिस्नीच्या अमेरिकेतील थीम पार्कमधील व्यवस्था. पूर्ण नाव डिसेबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस. बोलताना सगळे ‘डॅस’च म्हणतात. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आणि कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड येथे ती ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू झाली.

ऐकीव माहितीवरून डॅस म्हणजे रांगेत पुढे घुसण्याचा परवाना वाटतो. तसा तो नाही. रांगेचा वेळ येथेही मोजावाच लागतो. तो लोखंडी कठड्यांमध्ये उभे राहून काढायचा की बाहेर सावलीतल्या बाकावर बसून, एवढाच फरक. बाहेरून किरकोळ दिसणाऱ्या या फरकावर काही कुटुंबांची अख्खी सहल अवलंबून असते.

रांगेची अडचण

मोठ्या राइडची रांग सरळ नसते. थोड्या जागेत शेकडो माणसे मावावीत म्हणून ती नागमोडी वळवलेली असते. दर्शनबारीत उभे राहिलेल्या मराठी माणसाला ही रचना नवी नाही : दोन हात रुंदीची वाट, दोन्ही बाजूंना कठडे, पुढे-मागे अनोळखी माणसे आणि मधूनच मागे फिरण्याची सोय नाही. थीम पार्कवाले त्यात आणखी एक गोष्ट करतात. रांगेची खरी लांबी ते लपवतात. राइडचे दार समोर दिसते, मूल हुरळते, आणि पुढचे वळण त्याला दारापासून उलट दिशेने घेऊन जाते. वळण संपले की नवी खोली, तिच्यात पुन्हा तेवढीच वळणे.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला नेमके हेच जड जाते. कधी संपणार हे न कळणे, मागच्याचा धक्का, लाउडस्पीकर, घामाचे आणि सनस्क्रीनचे वास हे सगळे एकदम अंगावर आले की ते कान दाबून खाली बसते, ओरडते, स्वतःला मारून घेते किंवा कठड्याखालून निसटून पळते. हा हट्ट नसतो. खाऊचे आमिष दाखवून किंवा डोळे वटारून तो थांबतही नाही, आणि मागे दोनशे माणसे उभी असताना आई-बापांना मुलाला घेऊन बाहेर पडायलाही वाट नसते.

चाकांच्या खुर्चीचा प्रश्न वेगळा. डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडले, वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ मध्ये. त्या काळच्या बऱ्याच रांगांमध्ये पायऱ्या आणि अरुंद वळणे होती, खुर्ची आत जातच नसे. मग खुर्चीवाल्यांना बाहेर पडण्याच्या वाटेने आत घेत. ‘व्हीलचेअर घेतली की नंबर लगेच लागतो’ ही समजूत तेव्हाची. नव्या राइडच्या रांगा खुर्ची जाईल एवढ्या रुंद बांधल्या जातात, म्हणून खुर्चीवालाही आता बहुतेक ठिकाणी सर्वांबरोबर रांगेतच असतो. जिथे खुर्ची आत जात नाही, तिथे त्याला रांगेच्या लांबीएवढी पुढची वेळ दिली जाते.

कायद्याचा पाया

२६ जुलै १९९० रोजी अमेरिकेत ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ झाला. त्याच्या तिसऱ्या प्रकरणाने हॉटेल, नाट्यगृह, करमणूक उद्यान अशा खासगी पण लोकांसाठी खुल्या जागांना बांधून घेतले : अपंग व्यक्तीला सेवा मिळावी म्हणून नियमांत वाजवी बदल करा, मात्र त्या बदलाने सेवेचे मूळ स्वरूपच पालटणार असेल तर तो करण्याची सक्ती नाही. गोल्फपटू केसी मार्टिन याला पायाच्या विकारामुळे स्पर्धेत चालत फिरता येत नव्हते. त्याला गाडी वापरू द्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला आणि ‘बदल आवश्यक आहे का’ व ‘मूळ स्वरूप पालटते का’ हे दोन प्रश्न पक्के झाले. थीम पार्कच्या रांगेवरचा पुढचा सगळा वाद याच दोन प्रश्नांभोवती फिरला.

जुने कार्ड आणि त्याचा बाजार

डॅसच्या आधी डिस्नीत ‘गेस्ट असिस्टन्स कार्ड’ चाले. पाहुणे-कक्षात जाऊन अडचण सांगायची, कर्मचारी कार्डावर शिक्का मारून देई. शिक्का कोणता त्यावर सोय ठरे, पण बरेचदा व्यवहारात अर्थ एकच : कार्डधारक आणि त्याच्याबरोबरचे पाच जण फास्टपासच्या, म्हणजे आधी वेळ घेऊन येणाऱ्यांच्या, आखूड रांगेतून थेट आत, दिवसात हवे तितक्या वेळा. वैद्यकीय कागद मागितला जात नसे. खऱ्या गरजूंसाठी याहून चांगली सोय पुन्हा झाली नाही, हे अनेक पालक आजही हळहळून सांगतात.

ती बुडाली ती माणसांच्या हावेने. मे २०१३ मध्ये न्यूयॉर्क पोस्टने बातमी दिली की मॅनहॅटनमधली काही धनाढ्य कुटुंबे तासाला १३० डॉलर, दिवसाला १,०४० डॉलर देऊन अपंग ‘वाटाड्या’ बरोबर नेतात आणि त्याच्या कार्डावर आपल्या मुलांना रांग टाळून फिरवतात. बातमीने संताप उसळला आणि त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला जुने कार्ड बंद होऊन डॅस आले. घरची सधन माणसे रांग मोडतात आणि तिची शिक्षा चाकांच्या खुर्चीत बसलेल्याला होते, हा प्रकार आपल्याकडे अगदीच अनोळखी आहे असे नाही.

डॅस कसे चालते

समजा, अकरा वाजता एखाद्या राइडची रांग ७० मिनिटांची आहे. डॅसधारक फोनवरच्या ॲपमध्ये ती राइड निवडतो. रांगेच्या वेळेतून दहा मिनिटे वजा होतात आणि त्याला बाराची वेळ मिळते. मधल्या तासात जेवा, झोपाळू मुलाला झोपवा, शांत कोपरा शोधा. बारानंतर लायटनिंग लेनच्या, म्हणजे राइडच्या आखूड रांगेच्या, दारी यायचे. उशीर झाला तरी चालते, आधी येऊन चालत नाही. एका वेळी एकाच राइडची वेळ धरता येते.

दारातल्या खांबावर मिकीच्या डोक्याच्या आकाराचे वर्तुळ असते. त्यावर मनगटाचा पट्टा किंवा तिकीट टेकवायचे. ज्याच्या नावावर डॅस आहे त्याने सर्वांत आधी. मग कर्मचारी आपल्या पडद्यावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवून पाहतो. त्या व्यक्तीने स्वतः राइडवर बसलेच पाहिजे. २०१३ नंतर वाटाड्याचा धंदा बसला तो या साध्या तपासणीने आणि ‘हवे तितक्या वेळा’ गेल्याने.

दारातून आत गेल्यावरही थोडे थांबावे लागते. पुढे एका जागी दोन्ही रांगा मिळतात आणि तिथला कर्मचारी आखूड रांगेतले अनेक आणि लांब रांगेतले थोडे अशा प्रमाणात माणसे सोडतो. दर तासाला राइडमध्ये बसणाऱ्यांची संख्या ठरलेली असते. त्यामुळे आखूड रांगेत आलेला प्रत्येक जादा माणूस लांब रांगेतल्या कुणाला तरी मागे ढकलतो. या जागी पाच मिनिटे उभे राहिले तरी वादाचे मूळ कळते. बाकीची कागदपत्रे वाचावी लागत नाहीत.

न्यायालयात

डॅस आल्यावर स्वमग्न मुलांच्या आणि तरुणांच्या कुटुंबांनी २०१४ मध्ये दावे लावले. म्हणणे असे : आमच्या मुलाला ‘बारा वाजता ये’ याचा अर्थ लागत नाही. त्याच्यासाठी थांबणे हे थांबणेच, कठड्याच्या आत काय नि बाहेर काय. शिवाय काही जणांना राइड ठरलेल्या क्रमानेच लागतात. क्रम मोडला तर दिवस मोडला. म्हणून जुन्या कार्डासारखा थेट प्रवेश, निदान काही थेट पास तरी द्या. फ्लोरिडातील ऑरलँडोच्या संघीय न्यायालयाने २०१६ मध्ये खटला न चालवताच डिस्नीच्या बाजूने कौल दिला. तीसेक अपिले एकत्र ऐकून त्यावरच्या, अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये तो काही अंशी फिरवला : या मुलांना खरोखर थांबता येते की नाही, हे पुरावे पाहूनच ठरवा. खटला चालला, आणि जून २०२० मध्ये न्यायाधीश ॲन कॉनवे यांनी ठरवले की मागितलेली सोय आवश्यक नाही आणि ती दिली तर पार्कच्या कारभाराचे मूळ स्वरूपच पालटेल. २०२२ मध्ये अपिलातही हा निकाल टिकला.

निकालाला कायद्याचा आधार आहे. पण आई-बापांच्या म्हणण्यातला मुद्दाही खोडून निघालेला नाही. वेळेची जाणीव नसलेल्या मुलापुढे घड्याळ ठेवून त्याला सोय म्हणणे, यात काहीतरी चुकते.

२०२४ चे बदल

१९९९ मध्ये सुरू झालेला फास्टपास फुकट होता. फ्लोरिडात ऑक्टोबर २०२१ पासून त्याची जागा विकतच्या लायटनिंग लेनने घेतली, आणि डॅसकडे पाहण्याची नजर बदलली. पूर्वी डॅसमुळे मिळे ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच फुकट मिळत होते. आता शेजारचे कुटुंब त्याच दारासाठी पैसे मोजत होते. विकाऊ झालेली गोष्ट फुकट कुणाला द्यायची, हा हिशेब कंपनीलाही करावा लागतो आणि लबाडी करू पाहणाऱ्यालाही. पाच वर्षांत डॅस घेणारे तिपटीवर गेले, असे डिस्नीने सांगितले.

२० मे २०२४ पासून फ्लोरिडात आणि १८ जूनपासून कॅलिफोर्नियात निकष आवळले गेले. स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक अपंगत्वामुळे ज्यांना फार वेळ रांगेत थांबता येत नाही, मुख्यतः त्यांच्यासाठीच डॅस, असे जाहीर झाले. अर्ज व्हिडिओ कॉलवर. ज्याच्यासाठी सोय हवी ती व्यक्ती कॅमेऱ्यासमोर असायला हवी. गरज पडल्यास करारावर नेमलेला आरोग्य-व्यावसायिक बोलण्यात सामील होतो. खोटे बोलल्याचे आढळले तर पार्कमध्ये कायमची बंदी.

मुलाखतीत आजाराच्या नावाला फारसे वजन नसते. रांगेत उभे राहिल्यावर नेमके काय होते, हे विचारतात. पालकांची पंचाईत इथेच होते. वर्षानुवर्षे डॉक्टरांपुढे निदान सांगायची सवय झालेली असते; मुलगा रांगेत कसा कोसळतो याचे वर्णन, तेही मुलगा शेजारी बसून ऐकत असताना, एका परक्या माणसापुढे करणे सोपे नसते.

सर्वांत मोठा फटका शारीरिक दुखण्यांना बसला. आतड्याचा विकार, ल्युपस, कर्करोगाचे उपचार, रक्तदाब एकदम खाली जाणे अशा तक्रारींवर पूर्वी डॅस मिळे. आता यांतल्या अनेकांना दुसरे पर्याय सुचवले जातात : चाकांची खुर्ची घ्या, किंवा गरज पडली तर रांग सोडून जा आणि नंतर आपल्या माणसांपाशी परत या. कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात आतड्याच्या रुग्णाला शौचालयाची कळ येते तेव्हा त्याच्या हातात मिनिटे असतात आणि दोन हातांच्या वाटेतून दीडशे माणसांना ‘जरा जाऊ द्या’ म्हणत उलटे यायचे असते. मग तसेच परत आत. खुर्चीने पायांची सोय होते, उन्हाची किंवा वेदनेची नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात या निकषांविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला : एका प्रकारच्या अपंगांना सोय आणि दुसऱ्यांना नकार हाच भेदभाव, असा त्याचा आशय.

इतरत्र

युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीची पार्क वेगळ्या वाटेने जातात. तिथे आधी आयबीसीसीईएस या संस्थेकडे ऑनलाइन नोंदणी करून, गरजेचा कागद जोडून कार्ड काढायचे. मग पार्कचा माणूस बोलून सोय ठरवतो. रांग तीस मिनिटांच्या आत असेल तर ऑरलँडोत थेट एक्स्प्रेस या आखूड रांगेच्या दाराने सोडतात, जास्त असेल तर पुढची वेळ देतात. सिक्स फ्लॅग्स ही पार्क कंपनीही हेच कार्ड मागते. आपले वैद्यकीय कागद एका तिऱ्हाइताकडे का द्यायचे, ही या पद्धतीवरची नेहमीची तक्रार. ब्रिटनमध्ये २०१० च्या समता कायद्याखाली ऑल्टन टॉवर्ससारख्या पार्कमध्ये ‘राइड ॲक्सेस पास’ मिळतो. एक राइड झाली की तिच्या रांगेएवढा वेळ जाईपर्यंत पुढची घेता येत नाही. टेक्ससमधील सॅन अँटोनियोत २०१० मध्ये उघडलेल्या मॉर्गन्स वंडरलँडने प्रश्नच उलटा मांडला. पार्कच अपंगांना मध्यभागी ठेवून बांधले, आणि त्यांना प्रवेश फुकट ठेवला.

भारतात

१९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. स्वमग्नता त्यांत येते. वाजवी सोय म्हणजे ‘अवाजवी बोजा न पडता केलेला योग्य बदल’ अशी तिची व्याख्याही कायद्यात आहे, म्हणजे अमेरिकेतल्या ‘मूळ स्वरूप पालटते का’ या दुसऱ्या प्रश्नाची सख्खी बहीण. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेतल्यास कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. रांगेबाबत आपल्याकडची सर्वांत सरावाची सोय मतदान केंद्रावरची : दिव्यांग मतदाराला रांगेत न थांबवता आत घेतात. आपल्या रांगेत अपंगत्व डोळ्यांना दिसले की लोक आपणहून वाट देतात. न दिसणाऱ्या अपंगत्वाला मात्र ‘एवढा धडधाकट तर दिसतोय’ हे ऐकावे लागते.

पुण्या-मुंबईहून, किंवा न्यू जर्सीतल्या नातलगांकडे उतरून, ऑरलँडोला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडे सवलत म्हटली की आधी प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड टेबलावर ठेवायचे असते. डिस्नी ते मागत नाही आणि त्यावर निर्णयही घेत नाही. तिथे रांगेत काय घडते ते इंग्रजीत नीट सांगता यावे लागते. युनिव्हर्सलच्या नोंदणीला मात्र कागद लागतो, आणि ती निघण्यापूर्वी घरूनच केलेली बरी.