विंडोज अपडेटने लिनक्स पुसलं जात नाही, फॉरमॅट मारायची घाई करू नका

एका लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलं की विंडोजचं अपडेट येऊन लिनक्स पुसून टाकतं, मग फॉरमॅटशिवाय इलाज नाही, हे कित्येक वर्षं ऐकतोय. हे खरं नाहीये.

मागच्या महिन्यात कोपरखैरण्याला माझ्या भाच्याचं असंच झालं, अपडेटनंतर ग्रबचा मेनू (विंडोज की लिनक्स, असं सुरुवातीला विचारणारा) गायब, थेट विंडोज चालू, दुकानदार म्हणाला लिनक्स गेलं, फॉरमॅट करू, आणि पोराचा अख्खा प्रोजेक्ट त्यातच. मी फोनवर म्हटलं थांब बाबा, कोणाला हात लावू देऊ नकोस. रात्री जाऊन चालू करताना एफ टू दाबलं, बूट ऑर्डर, म्हणजे आधी काय चालू करायचं त्याचा क्रम, उघडली तर वर विंडोज बूट मॅनेजर आणि त्याच्या खालीच उबुंटू, म्हणजे भाच्याचं लिनक्स, जसंच्या तसं. वर नेलं, सेव्ह केलं, मेनू परत आला.

यूईएफआयवाल्या (मशीन सुरू करायची नवी पद्धत) मशीनमध्ये एक छोटं ईएफआय पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, असतं, त्यात दोघांचे बूटलोडर (त्यांना सुरू करणारे छोटे प्रोग्राम) वेगवेगळ्या फोल्डरमध्ये राहतात, अपडेटनंतर बहुतेक वेळा क्रमच बदललेला असतो. पुसलं जातं ही समजूत आली जुन्या बायोसच्या (यूईएफआयच्या आधीची पद्धत) काळातून, तेव्हा डिस्कच्या पहिल्या 512 बाइटच्या सेक्टरवर विंडोज परत टाकताना स्वतःचा कोड लिहायचं, पण तेव्हाही लिनक्सचं पार्टिशन जागेवरच असायचं, लाइव्ह यूएसबीवरून (लिनक्स थेट चालवणारा पेनड्राइव्ह) ग्रब टाकलं की काम व्हायचं.

ऑगस्ट 2024 च्या अपडेटने मात्र खरंच काही जणांचं लिनक्स अडलं, एसबॅटची (जुने असुरक्षित बूटलोडर अडवायची सोय) एरर यायची, तरी डेटा शाबूत होता, सिक्युअर बूट (फक्त सही असलेले बूटलोडर चालू देणारी सेटिंग) बंद केला की सुरू व्हायचं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याआधी रिकव्हरी की लिहून ठेवा, नंतर तो मागू शकतो.